कॅमेऱ्यातून फिल्म का गेली?

३५ मिमी फिल्मचं हजार फुटी रीळ जेमतेम ११ मिनिटं चालायचं. प्रत्येक रिटेकला निर्मात्याच्या पोटात गोळा! २०१० मध्ये ‘अ‍ॅरी’ कंपनीचा अलेक्सा हा डिजिटल कॅमेरा आला आणि गणित फिरलं. २०१३ मध्ये फुजीनं चित्रीकरणाची फिल्म बनवणंच थांबवलं. कोडॅक अजून बनवते.

पूर्वी चित्र सुधारायचं तर जुन्याच कॅमेऱ्यात नव्या जातीची फिल्म घालायची. आता फिल्मची जागा घेणारा सेन्सर कॅमेऱ्यातच बसवलेला. सॉफ्टवेअर अपडेटनं थोडं भागतं, नाहीतर नवा कॅमेरा.

खरी अडचण पुढे आहे. निगेटिव्ह थंड, कोरड्या जागी अनेक दशकं टिकते. हार्ड डिस्कवरचा सिनेमा मात्र दर काही वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवावा लागतो. छोट्या निर्मात्यानं हा खर्च बजेटमध्येच धरलेला बरा.