उभ्या टेम्पोची बॅटरी

पावसाळा लागला की कापडाच्या फिरत्या धंद्याला सुट्टी लागते. जत्रा संपलेल्या असतात, आठवडे बाजारात चिखल होतो, मैदानावरचे सेल बंद पडतात. आमचा टेम्पो जूनच्या मध्यापासून जो उभा राहतो तो गणपतीच्या खरेदीला गिऱ्हाईक बाहेर पडेपर्यंत. (बाहेरगावचे गिऱ्हाईक नारायण पेठेचे नाव ऐकून हमखास विचारते की नारायणपेठी साडी तुमच्याच गल्लीत विणतात का. ती साडी तेलंगणातल्या नारायणपेठची. आमच्या पेठेला नाव मिळाले ते नारायणराव पेशव्यांचे. पण हा खुलासा करता करता दोन साड्या खपतात, म्हणून तक्रार नाही.)

धंदा बंद असला तरी उभ्या गाडीचा खर्च बंद होत नाही. टॅक्स आणि विमा सर्वांना ठाऊक असतो, बॅटरीचा हिशेब मात्र कोणी वहीत लिहीत नाही. मंडपवाले, केटरिंगवाले, गाडीमागे ट्रॉली जोडून प्रदर्शने करणारे आपले भाई, सर्वांची हीच गत आहे. ट्रॉलीच्या बॅटरीला तर स्वतःचे इंजिनही नसते, तिला कोण भरणार?

मला हा हिशेब कळला तो २०२४ च्या जुलैत. पेठेत टेम्पो उभा करायला जागा नाही. वाडे गेले, इमारती आल्या, गल्ल्या मात्र होत्या तेवढ्याच रुंद राहिल्या. म्हणून पुष्कळ लोकांप्रमाणे मीही गाडी मुठेच्या पात्रात, भिडे पुलाच्या बाजूला लावत असे. २५ जुलैच्या पहाटे खडकवासल्यातून सोडलेले पाणी ३५ हजार क्युसेकच्या घरात गेले. क्युसेक म्हणजे दर सेकंदाला सुमारे २८ लिटर, हिशेब आपणच करावा. त्या पुरात सिंहगड रस्त्यावरची एकता नगरी पाण्याखाली गेली. आमच्या पेठेत १२ जुलै १९६१ चा पानशेतचा पूर पाहिलेली माणसे आहेत, त्यांना नदीचे नाव काढले की झोप लागत नाही. त्यांनीच मला रात्री उठवले.

पात्रात पोहोचलो, किल्ली फिरवली. स्टार्टरने एकदा ‘टक्’ केले आणि गप्प. दिवे लावले तर तारेएवढे लाल. धक्का मारून डिझेलची गाडी चालू होते खरी, पण सपाटीवर किंवा उतारावर. इथे समोर चढ आणि खाली चिखल. शेवटी गल्लीतल्या पोरांनी दोर लावून दुसऱ्या टेम्पोने ती ओढून वर काढली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका गाडीत सीटपर्यंत पाणी गेले. गाडीत माल नव्हता म्हणून बचावलो असे म्हणतो, पण खरे तर त्या पोरांमुळे बचावलो.

बॅटरी अवघी चौदा महिन्यांची होती. मी ज्याच्याकडून घेतली त्याच्यावर तोंडसुख घेतले. मग नाना पेठेतल्या एका जुन्या मिस्त्रीकडे ती घेऊन गेलो. त्याने मीटर लावला, झाकणे उघडून बघितली आणि म्हणाला, “चाचा, माल खराब नाही. तुम्ही हिला उपाशी मारली.”

त्याने सांगितलेला हिशेब असा. शिशाची बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला चार-पाच टक्के आपोआप उतरते, उन्हाळ्याच्या उकाड्यात त्याहून जास्त. त्याशिवाय गाडी बंद असताना घड्याळ, टेप, चोरीची घंटा, जीपीएस हे सर्व थोडी थोडी वीज पीत राहतात. समजा ३० मिलिअँपिअर. ऐकायला काहीच नाही. पण चोवीस तासांचे सुमारे पाऊण अँपिअर-तास होतात, महिन्याचे वीस-बावीस. माझी बॅटरी ८० ची. म्हणजे दोन्ही मिळून महिन्यात तिसरा हिस्सा गेला आणि दोन महिन्यांत अर्ध्याहून जास्त. आणि बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की आतल्या शिशाच्या पट्ट्यांवर सल्फेटचा कठीण थर बसतो. तो थर एकदा जुना झाला की नंतर कितीही चार्जिंग करा, बॅटरी पूर्वीची ताकद धरत नाही. नुकसान उतरण्याने कमी होते, उतरलेली पडून राहण्याने जास्त होते. आपल्या धंद्यात याला समजायला उदाहरण शोधायला नको: ओले कापड लगेच वाळवले तर वाचते, गठ्ठ्यात तसेच ठेवले तर बुरशी.

यावर इलाज तीन-चार आहेत आणि सर्वांत स्वस्त इलाज फुकटचा आहे. दहा नंबरचा पाना घ्यावा आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून ठेवावी. गाडी महिना-दीड महिना उभी राहणार असेल, जीपीएस नसेल आणि अचानक हलवायची वेळ येणार नसेल तर एवढे पुरे, सोलरच्या मागे लागू नये. माझी अडचण अशी की चोरीच्या भीतीने जीपीएस चालू हवा आणि पुराच्या भीतीने गाडी कोणालाही, केव्हाही, पहिल्या किल्लीत चालू करता आली पाहिजे.

दर आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालू ठेवण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. ती मला पटत नाही. थंड इंजिन चालू करायला बॅटरी जेवढे देते ते जागेवर हळू चालणाऱ्या इंजिनातून दहा मिनिटांत नीट भरून निघत नाही, डिझेल मात्र जळते. निदान अर्धा तास रस्त्यावर फिरवावी. घरच्या विजेचा चार्जर चांगलाच, पण नदीपात्रात प्लग कुठला? लांबून वायर ओढण्याचा विचार मनातही आणू नये. त्याच २५ जुलैच्या पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत गाडा हलवताना विजेचा धक्का बसून तीन जण गेले. तीन पोटापाण्याची माणसे, गाडा वाचवायला गेली होती.

म्हणून मी टेम्पोच्या छतावर सोलर पॅनेल बसवले. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आमच्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर, तिथे पॅनेलपासून स्क्रूपर्यंत सर्व मिळते. पहिला प्रश्न होता, पावसाळ्यात ऊन असते कुठे? गंमत अशी की पॅनेलला झगझगीत ऊनच लागते असे नाही, उजेडावरही ते थोडे काम करते. पुण्यात एप्रिल-मेच्या मानाने जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी निम्म्याच्या आसपास मिळते आणि अगदी अंधारून आलेल्या दिवशी फारच कमी. २० वॉटचे पॅनेल पूर्ण उन्हात एक अँपिअरच्या थोडे वर देते. झाकोळलेल्या दिवसाचे मिळून तासभराच्या उन्हाएवढे जरी पडले तरी एक अँपिअर-तास झाला. माझा रोजचा खर्च, आपोआप उतरते ते धरून, त्याच्या आतबाहेर. उघडीप मिळाली की जमा खर्चाच्या पुढे जाते. १० वॉटचे घेतले असते तर पावसाळ्यात रोजची तोंडमिळवणीही झाली नसती. दुकानदार मला १० चे देत होता, स्वस्त म्हणून. २० वॉटचे पॅनेल आणि कंट्रोलर मिळून नव्या बॅटरीच्या निम्म्या किमतीतही येते, तिथे काटकसर कशाला?

कंट्रोलर हा प्रकार सोडू नये. बारा व्होल्टचे म्हणून विकतात ते पॅनेल रिकामे असताना २१-२२ व्होल्ट दाखवते. ते सरळ बॅटरीला जोडून ठेवले तर उन्हाळ्यात बॅटरी भरून झाल्यावरही करंट चालूच राहतो, पाणी उडते, पट्ट्या उघड्या पडतात. शिवाय रात्री वीज उलटी पॅनेलकडे झिरपू शकते. कंट्रोलर दोन्ही थांबवतो. बॅटरी भरली की तो साडेतेरा-पावणेचौदा व्होल्टवर धरून ठेवतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल. बॅटरीच्या प्लस टोकाजवळ फ्यूज हवाच. छतावरून आलेली वायर पत्र्याच्या धारेवर घासली तर फ्यूज नसलेल्या गाडीला आग लागायला वेळ लागत नाही. कापडाच्या गाडीत आग म्हणजे काय हे मी आपल्याला सांगायला नको.

मी केलेली चूकही सांगतो. पहिले पंधरा दिवस मीटरचा आकडा वर चढेना. वायर तपासली, कंट्रोलर बदलून बघितला. मग ध्यानात आले की आपली जुनी सवय, गाडी झाडाखाली लावायची! पॅनेलमधल्या काचेखालच्या वड्या एकामागे एक साखळीत जोडलेल्या असतात. एका फांदीची सावली दोन-तीन वड्यांवर पडली तरी साऱ्या पॅनेलचे काम मंदावते. वर पाने आणि पाखरांची घाण. गाडी दहा पावले पुढे मोकळ्यावर घेतली आणि आकडा हलला. पेठेतल्या बोळात, दोन इमारतींच्या मध्ये गाडी लावणाऱ्यांनी याचा आधी विचार करावा. तिथे दिवसाला दीड-दोन तास ऊन येते, त्यांना घरचा चार्जरच बरा.

पॅनेल छतावर पक्के बोल्ट मारून बसवले, खाली हवा खेळेल एवढी फट ठेवून. नुसते ठेवले तर दुसऱ्या दिवशी दिसणार नाही.

एक पंधरा-वीस रुपयांची वही मी टेम्पोत ठेवली आहे. आठवड्यातून एकदा, सकाळी ऊन पडण्याआधी, मीटर लावून आकडा लिहायचा. १२.६ च्या वर असेल तर बॅटरी भरलेली. १२.४ आला तर पाऊण भरलेली समजावी, १२.२ ला अर्धी, आणि १२ ला आली की त्याच दिवशी बाहेर काढून चार्जिंगला द्यावी. २०२५ च्या साऱ्या पावसाळ्यात माझ्या वहीत १२.५ च्या खाली एकच आकडा आहे, तो सलग झडीच्या आठवड्यातला.

टेम्पो आता पावसाळ्यात पात्रात ठेवत नाही. एका ओळखीच्या गोडाऊनच्या उघड्या अंगणात महिन्याच्या भाड्याने लावतो. बॅटरी भरलेली आहे म्हणून नदीत गाडी ठेवायची, एवढा भरवसा माझा कोणत्याच पॅनेलवर नाही. चौदा महिन्यांची ती मेलेली बॅटरी नाना पेठेतच जमा केली, नवीच्या किमतीत थोडी सूट मिळाली. भंगारवाल्याच्या पोराने ती अंगणात फोडून शिसे काढावे यापेक्षा ते बरे.