दोन गोळ्या म्हणजे दुप्पट पॉवर नव्हे

शिराळ्याकडे अपघातानंतर पायात सळी घातलेली, गुडघ्याची वाटी बदललेली माणसं आता गावोगावी भेटतात. ऑपरेशन कराड, मिरज नाहीतर कोल्हापूरला होतं. टाक्यांतून पाणी यायला लागलं की सल्ला मात्र गावातच मिळतो : "पॉवरचं अँटिबायोटिक घ्या, सुकेल."

वरून सुकतंही. पण मोरणा नदीच्या पात्रातल्या दगडांवर जसा बुळबुळीत थर धरतो, तसाच थर जिवाणू धातूवर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. थरातल्या बऱ्याच जिवाणूंची वाढ जवळपास थांबलेली असते, आणि बहुतेक अँटिबायोटिक वाढत्या जिवाणूंनाच मारतात. त्यामुळे कल्चर रिपोर्टात ज्या औषधापुढे 'एस' (म्हणजे लागू पडतं) लिहिलंय, तेही इथे फसतं. डोस वाढवूनही भागत नाही. थर मारायला कधी शंभर ते हजार पट औषध लागतं, तेवढं माणसाला देता येत नाही.

चिठ्ठीवर रिफाम्पिसिन हे टीबीवरचं औषध दिसलं की घरचे हादरतात : टीबी झाला की काय? तसं नसतं. स्टॅफिलोकॉकस जातीच्या जिवाणूंचा थर धरलेला असेल, तर त्यावर चालणाऱ्या मोजक्या औषधांत रिफाम्पिसिन येतं. पण एकटं दिलं तर जिवाणू काही दिवसांतच त्याला दाद देईनासे होतात. जोडीचं औषध लागतं ते हे होऊ नये म्हणून. १९९८ साली अशाच संसर्गावरचा स्वित्झर्लंडमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उपचार पूर्ण केलेल्यांपैकी सिप्रोफ्लॉक्सासिनसोबत रिफाम्पिसिन घेतलेले १२ पैकी १२ बरे झाले, नुसतं सिप्रोफ्लॉक्सासिन घेतलेले १२ पैकी ७. अभ्यास छोटा होता, आणि एक गोष्ट लोक विसरतात : त्या सगळ्यांची जखम आधी ऑपरेशन करून साफ केली होती, सळी किंवा सांधा घट्ट बसलेला होता आणि त्रास नुकताच सुरू झाला होता.

म्हणून "गोळ्यांवर भागेल, पुन्हा चिरफाड नको" हा समज मला सगळ्यांत घातक वाटतो. त्यात महिने जातात, थर पिकतो आणि मग अख्खा सांधाच काढावा लागतो.

कोर्सही लांबतो. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या चाचणीत कृत्रिम सांध्याचा संसर्ग ६ आठवड्यांच्या औषधानंतर १८ टक्के रुग्णांत टिकून राहिला, १२ आठवड्यांनंतर ९ टक्क्यांत.

रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नका. वॉरफरिन किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचा असर मात्र ते कमी करतं, म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. आणि टाक्यातून पाणी दिसलं, तर मेडिकलमधून गोळी आणण्याआधी ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉक्टरांकडे जा. आधीच गोळी घेतली, तर कल्चरमध्ये बऱ्याचदा जिवाणू सापडत नाही आणि कोणती जोडी द्यायची तेच कळत नाही.