रक्ताचे मोजमाप आणि सुईणीचे शास्त्र

नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे नांदत आली आहेत. रायपुरातील तात्यापारा ही अशीच एक जुनी वस्ती होय. अशा वस्तीत पूर्वी बाळंतपण सुईणीच्या हातगुणावर सोपविले जाई. आज त्याच रायपुरात 2008 च्या कायद्याने स्थापन झालेले आरोग्यविज्ञान व आयुष विद्यापीठ असून परिचर्येची पदवी त्याच्या कक्षेत येते. हात घरीही तयार होतो. मग या कामास विद्यापीठ कशाला, असा प्रश्न कोणासही पडेल. एका उदाहरणाने तो उलगडेल.

मूल जन्मल्यावर वार सुटते, आणि ती जेथे चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्या उघड्या पडतात. गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावून त्या आवळून धरतात. स्नायू सैल राहिले तर रक्त वाहतच राहते. पूर्ण दिवसांच्या गर्भाशयाकडे मिनिटाला अर्धा लिटरहून अधिक रक्त जात असते. तेव्हा विलंब म्हणजे काय, हे सांगावयास नको. आधीच पंडुरोगाने क्षीण झालेल्या स्त्रीला तर थोडीही हानी सोसत नाही.

स्राव 500 मिलिलिटर झाला की तो धोक्याचा मानतात. पण तो ओळखावयाचा कसा? सुईण डोळ्यांनी अजमास करी, डॉक्टरही तेच करीत. रक्त कपड्यांत मुरते, जमिनीवर पसरते, पाण्यात मिसळते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात यासाठी प्लास्टिकची एक आखीव पिशवी वापरण्यात आली. ती बाळंतिणीच्या खाली पसरून फितींनी कमरेला बांधतात. रक्त तिच्या निमुळत्या तळाशी साचते व रेघांवरून वाचता येते. तुलना करता नजरेचा अंदाज पिशवीच्या मापापेक्षा सुमारे 33 टक्क्यांनी कमी भरला. अनुभवी नजरही फसत होती!

मोजमाप हाती आले म्हणूनच पुढील प्रयोग शक्य झाला. 2002 ते 2005 या काळात बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत 1,620 स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉल या गोळीची परीक्षा झाली. निम्म्या स्त्रियांना औषध व निम्म्यांना हुबेहूब दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यात आली; कोणाला कोणती, हे देणारीसही ठाऊक नव्हते. या बाळंतपणांची व मोजमापाची जबाबदारी गावोगावच्या साहाय्यक परिचारिका-प्रसाविकांनी पार पाडली. ही गोष्ट मुद्दाम नमूद करण्याजोगी आहे. शोधनिबंधावर नावे येतात ती बहुधा दुसऱ्यांची. औषधाविना 12 टक्के स्त्रियांना अतिस्राव झाला, औषध घेणाऱ्यांत 6.4 टक्के. गोळीला ना सुई लागते ना शीतपेटी, म्हणून खेड्यात तिचे मोल विशेष.

पुढे हीच आखीव पिशवीची कल्पना केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील 80 रुग्णालयांत तपासली गेली. 2023 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जेथे पिशवी व तत्काळ उपचारांचा ठराविक क्रम अवलंबिला, तेथे अतिस्रावाची 93 टक्के प्रकरणे वेळीच ओळखली गेली. जेथे नेहमीची रीत चालू राहिली, तेथे 51 टक्के.