काहीही न खोडता चित्र सुधारताना

पावसाळी सहलीत काढलेले फोटो पाहताना एक गोष्ट हमखास आढळते. ढग छान उमटले असतील, तर पुढची झाडी काळीकुट्ट दिसते. झाडी नीट दिसत असेल, तर आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे होते. प्रत्यक्षात आपल्याला तर दोन्ही दिसत होते! मग असे का व्हावे? नजर ढगांवरून झाडांकडे वळली, की आपले डोळे आणि मेंदू चटकन जुळवून घेतात. कॅमेरा मात्र एका फोटोसाठी संपूर्ण दृश्यावर सारखाच वेळ प्रकाश घेतो.

ही अडचण जुनीच आहे. त्या काळच्या काचेच्या निगेटिव्हवर निळ्या प्रकाशाचा परिणाम फार होई आणि आकाश पांढरे पडे. म्हणून गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची काही चित्रे दोन निगेटिव्ह जोडून छापली; एक आकाशाची, दुसरी पाण्याची. पुढे डार्करूममध्ये पुठ्ठ्याचा तुकडा प्रकाशाच्या वाटेत हलवत धरून कागदाचा हवा तो भाग उजळ ठेवण्याची पद्धत रुळली. त्या पुठ्ठ्याचेच काम आज संगणकावर ‘मास्क’ करतो.

समजा, एकाच जागेवरून दोन फोटो काढले. एकात ढग नीट आले आहेत, दुसऱ्यात झाडी. ढगांचा फोटो खाली व झाडीचा वर, असे दोन थर एकावर एक ठेवले. आता वरच्या फोटोतले आकाश कात्रीने कापले, तर खालचे ढग दिसतील. पण कात्री चुकली, तर कापलेला भाग परत येणार नाही, शिवाय कडाही करकरीत दिसेल. मास्क काहीच कापत नाही. वरच्या थराला जोडलेले ते एक काळे-पांढरे चित्र असते. वरचा थर कुठे किती दिसावा, एवढेच ते सांगते. पांढरे असेल तिथे वरचा थर पूर्ण दिसतो, काळे असेल तिथे खालचा दिसतो आणि करडे असेल तिथे दोन्ही मिसळतात.

यामागचे गणित सातवीच्या मुलांनाही समजेल. सर्वसाधारण चित्रात ० म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा. एखाद्या बिंदूची तेजस्विता वरच्या थरात २००, खालच्या थरात ८० आहे असे माना. मास्क २५५ असेल तर उत्तर २००, ० असेल तर ८०. मास्क १२८, म्हणजे जवळजवळ निम्मा असेल, तर दोन्हींचे अर्धे-अर्धे घेऊन उत्तर सुमारे १४० येते. म्हणूनच मऊ कडेच्या ब्रशने मास्क रंगवला, की सांधा दिसत नाही. चूक झाली तर त्या जागी पुन्हा पांढरा रंग फिरवायचा. झाकलेले सारे परत दिसते.

शाळेच्या संगणकावर ‘गिंप’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरून हे करून पाहा. दोन्ही फोटो थर म्हणून उघडा, वरच्या थराला पांढरा मास्क जोडा आणि आकाशाच्या भागावर काळा ब्रश फिरवा. फोटो काढताना कॅमेरा तिकाटण्यावर किंवा दगडावर स्थिर ठेवा. वाऱ्याने पाने हलली, तर एकाच फांदीच्या दोन फांद्या दिसतील.

मास्कला मर्यादाही आहेत. एकच फोटो असेल आणि त्यातले आकाश सगळीकडे २५५ झाले असेल, तर तिथे ढगांची माहिती नोंदलीच गेलेली नाही. जे नोंदले नाही, ते कोणताही मास्क परत आणू शकत नाही.

आणि जे नोंदले आहे, ते बदलावे का? ‘नॅशनल जिऑग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या अंकाच्या उभ्या मुखपृष्ठावर बसावेत म्हणून फोटोतले गिझाचे पिरॅमिड संगणकाने जवळ सरकवले. त्यावर बरीच टीका झाली. निसर्गाचा फोटो सुंदर असतो, तसाच तो पुरावाही असतो. फुलपाखरामागची झगझगीत पार्श्वभूमी थोडी मंद केली, तर ओळख बिघडत नाही. पण पंखावरचा ठिपका झाकला किंवा रंग बदलला, तर जात ओळखणारा फसेल आणि आपली नोंदही खोटी ठरेल.

म्हणून वर्गात दोन नियम ठरवून घ्यावेत. पहिला, मूळ फोटो कधीही बदलायचा नाही. काम नेहमी प्रतीवर करायचे आणि ते थरांसह जतन करायचे. दुसरा, काय बदलले ते फोटोखाली एका ओळीत लिहायचे. प्रयोगवहीत आपण निरीक्षण आणि अनुमान वेगळे लिहायला शिकवतो, तोच धडा इथेही लागू पडतो.