पिशवीतला भोपळा

शनिवारची सकाळची शाळा. पावणेआठ वाजलेत. वाई तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेमागं परसबागेत पहिली-दुसरीची 19 पोरं उकिडवी बसलीत. रात्रीच्या पावसानं माती अजून मऊ आहे, चपला चिखलात रुतताहेत, त्याकडं कुणाचंच लक्ष नाही. समोर लाल भोपळ्याचा वेल पसरलाय आणि त्यावर जागोजाग पिवळीधमक फुलं सताड उघडी आहेत.

बाईंनी हा धडा मुद्दाम शनिवारी ठेवलाय. भोपळ्याचं फूल पहाटे उमलतं आणि ऊन तापलं की मिटायला लागतं. एरवी शाळा साडेदहाला भरते, तोवर पोरांच्या वाट्याला मलूल फुलंच येतात. चित्रात फूल कायमच उमललेलं असतं. त्याला वेळ असते, हे पोरांना इथंच कळतंय.

बिया याच पोरांनी जूनमध्ये लावल्या. स्वयंपाकाच्या मावशींनी भाजीसाठी भोपळा चिरला, त्यातल्याच धुऊन वाळवलेल्या. तेव्हापासून दर शनिवारी एका मुख्य वेलाला सुतळी लावायची आणि शेंडा आला तिथं गाठ मारायची, असा नेम आहे. दोन वेण्यांची एक मुलगी ती सुतळी मला दाखवते. पहिल्या गाठी एकमेकींना चिकटल्यात, पुढच्या लांब लांब गेल्यात. ‘‘पहिल्यांदा हा हळूहळू चालायचा, मग पळाय लागला,’’ ती सांगते. वाढीचा आलेख याहून सोपा करून मी तरी कुठं पाहिलेला नाही.

‘‘आता फुलं मोजा. पण नुसती नाही. देठ बघून मोजा.’’

पोरं वाकून वाकून बघतात. काही फुलांचा देठ लांब, सडपातळ. काहींच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा हिरवा गोळा, हुबेहूब लहानसा भोपळा. लांब देठाची 14 निघतात, गोळ्याची फक्त 3.

‘‘ही बाबा-फुलं, ती आई-फुलं,’’ बाई सांगतात.

‘‘बाबा-फुलाला भोपळा येत न्हाय?’’

‘‘नाही.’’

‘‘मग त्याचा काय उपेग?’’

बाई उत्तर देत नाहीत. विचारणाऱ्यालाच पुढं बोलावतात आणि त्याची करंगळी लांब देठाच्या फुलात घालायला लावतात. बाहेर येते ती हळदीत बुडवल्यासारखी. ‘‘फुंकर मार.’’ तो गाल फुगवून फुंकतो. पूड जागची हलत नाही. चिकट आहे, जड आहे. गवताचे, मक्याचे पराग वारा उडवून नेतो, भोपळ्याचे नेत नाही. ही पूड त्या तीन फुलांत पोचली नाही तर तिथं भोपळा धरणार नाही. मग ती नेणार कोण?

तेवढ्यात ती येते. बारीकशी, पोटावर काळे-पिवळे पट्टे. पहिली ओळ एकदम मागं सरकते, एकजण दप्तर तोंडावर धरतो.

‘‘हात झटकायचे नाहीत. ती तुमच्याकडं आलीच नाही, फुलाकडं आलीय.’’

माशी फुलात उतरते, थेट तळाशी, गोड रसाकडं. बाहेर येते तेव्हा पाठ, डोकं, पाय, सगळं पिवळं. उडते आणि वेलावरच्या गोळ्याच्या फुलात शिरते. पोरं श्वास रोखून बघताहेत. दप्तर हळूहळू खाली आलंय. मघाचा करंगळीवाला आपलं पिवळं बोट बघतो, माशीकडं बघतो आणि ओरडतो, ‘‘बाई, तिनं नेलं! बाबाचं आईकडं नेलं!’’

मधमाशीची भीती पोरं आईच्या पोटातून आणत नाहीत, ती आपण मोठी माणसंच त्यांना देतो. बाई मात्र एक गोष्ट दरडावून सांगतात: ही सातेरी आहे, झाडाच्या ढोलीत राहते, पेटीतही नांदते. उंच झाडाला, कड्याला लोंबतं ते आग्या मोहोळ. त्याच्याजवळ जायचं नाही, दगड मारायचा नाही, खाली जाळ करायचा नाही. ‘‘माझ्या आत्याकडं पेट्या हायत, मांघरला,’’ एक मुलगी मध्येच सांगते. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे गाव 2022 मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं, ते डोंगरापलीकडंच. मधाबद्दल तिला सगळं माहीत आहे. भोपळ्यातही माशीचा वाटा असतो, हे तिला आज नवं आहे.

आता सगळे ज्याची वाट बघताहेत ते. गेल्या आठवड्यात दोन आई-फुलं उमलायची होती. आदल्या दिवशी शाळा सुटताना एका कळीवर जुन्या ओढणीची पिशवी बांधली, दुसरी मोकळी ठेवली. पोरांनी दोन्हींना लाल दोरा बांधलाय. मोकळ्या फुलाच्या जागी आज मोसंबीपेक्षा मोठा, तुकतुकीत भोपळा आहे. पोरं त्याला एका बोटानं, जपून हात लावतात.

बाई पिशवीची गाठ सोडतात. आत वाळकं फूल, आणि गळून पडलेला पिवळा, सुरकुतलेला गोळा. सुपारीएवढाच राहिलेला. तो 19 तळहातांवरून फिरतो. कुणी बोलत नाही.

‘‘बाई, आपण मारला ह्याला?’’ शेवटच्या तळहातावर तो थांबलाय.

‘‘पाणी तेच दिलं, ऊन तेच, माती तीच,’’ बाई म्हणतात. ‘‘फक्त माशीला येऊ दिलं नाही.’’

मुलगा तो गोळा चड्डीच्या खिशात ठेवतो.

कुंपणापलीकडं पाठीवरच्या पंपाचा आवाज सुरू होतो. घेवड्यावर फवारणी चाललीय. घेवडाही फुलावर आहे. औषधाचा उग्र वास इकडं येतो आणि दोन वेण्यांची मुलगी उभी राहते. ‘‘बाई, ती तिकडं गेली तर?’’

बाई कुंपणाशी जातात, पोरं मागोमाग. ‘‘तात्या, जरा थांबता का?’’

तात्या पंप थांबवतात. ऊन चढायच्या आत उरकायचं म्हणून सकाळी धरलंय, सांगतात. बाई म्हणतात, मावळतीला करा, तेव्हा माश्या घरी गेलेल्या असतात. तात्या आभाळाकडं बघतात. संध्याकाळी पाऊस आला तर औषध वाया जाईल, ही त्यांची अडचण खरी आहे. मग ते कुंपणावरच्या 19 तोंडांकडं बघतात आणि पंप पाठीवरून उतरवून बांधावर ठेवतात.

‘‘बरं. पाच वाजता बघू.’’

शेत असो, परस असो की गच्चीवरच्या चार कुंड्या, झाड फुलावर असताना औषध मारू नका. मारावंच लागलं तर सूर्य कलल्यावर, माश्या परतल्यावर मारा.