वीजगाडीची वाट

मराठीत आपण वाट ‘पाहतो’. येणारे माणूस दिसत नाही, तेव्हा निदान ते ज्या रस्त्याने येणार तो रस्ता तरी डोळ्यांखालून घालावा, असा त्या शब्दामागचा भाव असावा. वर्गात मुलांना हे मी पुष्कळदा सांगितले आहे. परंतु २०२५च्या गुढीपाडव्याला आम्ही विजेवर चालणाऱ्या मोटारीची नोंदणी केली, आणि हल्ली वाट पाहायलाही वाट उरलेली नाही हे ध्यानात आले. पाहायचा तो मोबाइलचा पडदा! त्यावर ‘आपली गाडी लवकरच’ एवढीच अक्षरे झळकतात.

“आठ आठवडे, सर,” दुकानातला तरुण म्हणाला होता. मुलगा मोठा अदबशीर. आठांचे बारा झाले तेव्हाही त्याची अदब तसूभर कमी झाली नाही. आषाढी गेली, गणपती आले आणि गेले, दसऱ्याला तर आमच्या सौ.नी गाडीसाठी आणलेला झेंडूचा हार शेवटी शिवणयंत्राला घातला. २२ सप्टेंबर २०२५ला लहान पेट्रोल गाड्यांवरचा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला. त्या दिवशी शेजारचे गृहस्थ मुद्दाम जिना चढून आले आणि म्हणाले, “प्रोफेसर, अजून वेळ गेलेली नाही बरं का!” विजेच्या गाडीवर पाचच टक्के कर आहे, हे मी त्यांना सांगितले. “पण गाडी कुठाय?” असे त्यांनी विचारले. याला काय उत्तर द्यायचे?

घरात सर्वांत शांत कोणी असेल तर ते आमचे अण्णा. वय वर्षे त्र्याऐंशी. त्यांनी १९७३ साली स्कूटरसाठी नाव नोंदवले, ती १९८१ साली दाराशी आली. मधल्या आठ वर्षांत त्यांचे लग्न झाले, दोन बदल्या झाल्या, आणि माझा जन्मही झाला. त्या काळी हे काही जगावेगळे नव्हते. कारखान्याने वर्षाकाठी किती स्कूटरी काढायच्या ते सरकारी परवान्यात लिहिलेले असे; मागणी कितीही असो, त्या आकड्यापलीकडे जायची मुभा नसे. नंबर लागलेली स्कूटर दुसऱ्या दिवशी चढ्या किमतीला विकणारेही होते. ज्यांचे नातेवाईक परदेशातून डॉलर पाठवू शकत, त्यांचा नंबर जरा लवकर लागे. आमच्या नात्यात सर्वांत दूर गेलेले माणूस म्हणजे नागपूरची आत्या!

“तेव्हा परवाना आपला होता,” अण्णा म्हणाले. “आता कुणाचा अडलाय?”

प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. या गाडीच्या मोटारीत जे जबर शक्तीचे चुंबक असतात, त्यांना निओडिमियम, डिस्प्रोसियम अशा नावांची दुर्मिळ मृदा-मूलद्रव्ये लागतात. नावाप्रमाणे ती तितकीशी दुर्मिळ नाहीत. पण ती शुद्ध करण्याचा आणि त्यांचे चुंबक करण्याचा धंदा बहुतांशी एकट्या चीनच्या हाती आहे. एप्रिल २०२५मध्ये त्या देशाने अशा काही मूलद्रव्यांच्या आणि चुंबकांच्या निर्यातीला परवान्याची अट घातली, आणि आपल्याकडच्या मोटारधंद्याला घोर लागला. आमचीच गाडी त्यापायी अडली, असे काही दुकानदाराने सांगितले नाही. तो फक्त ‘वरून माल नाही’ म्हणतो. पण परवाना हा शब्द ऐकून अण्णांना कोण समाधान झाले!

अण्णांच्या शांतपणाचे कारण निराळेच आहे. ते वीज मंडळातले. ऐन उमेदीची वर्षे त्यांनी भोर तालुक्यातल्या डोंगराळ गावांत तारा ओढण्यात घालवली. तिथल्या लोकांनी विजेची वाट कशी पाहिली ते त्यांनी जवळून बघितले आहे. आधी खांब येई, मग पावसाळा येई, मग तार येई, आणि दिवा लागेपर्यंत घरातले एखादे म्हातारे माणूस निघून गेलेले असे. त्यातल्या एका गावी त्यांना पुन्हा एकदा जायचे आहे. दोन्ही गुडघे गेल्यामुळे एसटीची पायरी त्यांना चढवत नाही. भाड्याच्या मोटारीने जाऊ म्हटले तर नको म्हणतात. “विजेच्या गाडीतून नेणार असलास तर ने. तिथं मला मान आहे!” यावर मी काय बोलणार? मात्र गेल्या पावसाळ्यात दोनदा त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले, तेव्हापासून पडद्यावरची तारीख बदलली की माझ्या पोटात गोळा येतो.

गाडीच्या आधी तिच्या जेवणाची सोय करायला हवी, हे आम्हाला अण्णांनीच सुचवले. पेट्रोलच्या गाडीचा पंप रस्त्यावर असतो. हिचा पंप घरी आणायचा. घरी म्हणजे चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीत! गाडी ज्याची त्याची, पण वीज सगळ्यांची. तेव्हा सोसायटीची सभा भरली.

माझ्या आयुष्यातल्या सगळ्या परिसंवादांत मिळून निघाले नसतील इतके मुद्दे त्या सव्वा तासात निघाले. आमच्या गाडीचे बिल इतरांच्या माथी बसेल काय? तार जिन्यातून न्यायची की भिंतीवरून? उद्या दहा जणांनी अशा गाड्या घेतल्या तर? अण्णा खुर्चीवर बसून हिशेब सांगत होते. पंधरा अँपिअरच्या साध्या सॉकेटवरून गाडी तासाला सुमारे तीन युनिटे घेते, म्हणजे दीड गिझर समजा. एका युनिटात ती सहा-सात किलोमीटर जाते. आमचे रोजचे जाणे-येणे वीस किलोमीटरचे, तेव्हा रात्री तासभर तिला लावली की झाले, आणि मध्यरात्री कोणाचाच गिझर चालू नसतो. बिल आमच्याच मीटरवर येणार. दहा गाड्या झाल्या तर मात्र इमारतीचा मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल, हेही त्यांनी लपवले नाही.

“आग लागली तर?” तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी विचारले. काही जण हसले. अण्णांनी त्यांना थांबवले. “विजेला भिणारं माणूस मला आवडतं. न भिणारे दोघे मी खांबावरून पडलेले पाहिलेत.” मग ते म्हणाले, आधी वायरमनला बोलवा, इमारतीचे अर्थिंग तपासा, मग मते घ्या.

या गाडीचा चार्जर मोठा चिकित्सक असतो. अर्थिंग ठीक नसेल तर तो वीज घ्यायलाच तयार होत नाही, तांबडा दिवा दाखवून गप्प बसतो. वायरमनने मीटरच्या खोलीमागची जमीन उकरली, तेव्हा खाली गेलेली लोखंडी पट्टी गंजून तुटलेली निघाली. किती वर्षे तुटलेली होती, देव जाणे! दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी कधीपासून सांगत होत्या की, कपडे धुण्याच्या यंत्राला हात लावला की मुंग्या येतात. त्यांना आम्ही सर्वांनी वातावरचे औषध सुचवले होते. चोवीस घरांतली मुले त्याच यंत्रांना, त्याच फ्रीजना हात लावत वाढली, आणि खाली पट्टी तुटलेली!

पुढच्या सभेत वादच झाला नाही. नवा खड्डा खणला, कोळसा आणि मीठ घालून नवे अर्थिंग पुरले, खर्च सगळ्यांत वाटला. आमच्या गाडीच्या जागेशी स्वतंत्र तार आली. अण्णा चाकाच्या खुर्चीतून खाली उतरले आणि मापकावरचा आकडा स्वतः बघितल्याशिवाय त्यांनी वायरमनला चहा दिला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मात्र त्याच दिवशी धुण्याच्या यंत्रावर हात ठेवून पाहिला, आणि घरोघर बेसनाचे लाडू पाठवले.

तर अशा रीतीने आमच्याकडे सॉकेट आहे, त्यावर कुलूप आहे, कुलपाच्या दोन किल्ल्या आहेत. गाडी तेवढी नाही. परवा त्या अदबशीर मुलाचा फोन आला. चासिस नंबर लागला म्हणे. आता कार्तिकी एकादशीच्या सुमारास नक्की. ‘नक्की’ हा शब्द त्याने प्रथमच वापरला, म्हणून मी तो अण्णांना कळवला.

त्यांनी लगेच भोरकडच्या त्या गावी फोन लावला. त्यांच्या जुन्या सोबत्याचा मुलगा आता तिथे घर करून राहतो. जाऊन-येऊन आमची मजल शंभर-सव्वाशे किलोमीटरची, गाडीचा पल्ला त्याच्या दुपटीहून अधिक; वाटेत वीज लागायचे कारण नाही. तरीही अण्णांनी विचारलेच, “ओसरीत पंधरा अँपिअरचं सॉकेट आहे का रे?”

“आहे की, काका. पण अर्थिंगचं काही सांगता येत नाही.”

त्या संध्याकाळी अण्णांनी माळ्यावरची आपली हत्यारांची पिशवी माझ्याकडून खाली काढून घेतली. पक्कड, टेस्टर, रबरी हातमोजे त्यांनी एकेक करून पुसले, आणि हातमोजे फुटलेले निघाले म्हणून मला त्याच पावली बाजारात पिटाळले.