कारवीचा कूड आणि सातबाऱ्याचा उतारा

धसईचे नाव महाराष्ट्रात सर्वतोमुखी झाले ते डिसेंबर २०१६ मध्ये. नोटाबंदीच्या ऐन धामधुमीत, स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारक आणि बँक ऑफ बडोदा यांच्या पुढाकाराने, मुरबाड तालुक्यातील या बाजारपेठेच्या गावात कार्डाची यंत्रे बसली आणि राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून वृत्तपत्रांनी त्याची वाखाणणी केली. या वाखाणणीत सामील झालेल्यांपैकी फार थोड्यांच्या ध्यानात आले असेल, की या पेठेभोवतीच्या डोंगरउतारांवर ठाकूर, कातकरी आणि महादेव कोळी यांच्या ज्या वाड्या विखुरल्या आहेत, तेथे मनुष्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठी वस्तू, म्हणजे घर, पिढ्यानुपिढ्या रोकडीवाचूनच उभी राहत आली आहे.

ते घर दिसते तितके भाबडे नाही. छपराचा सारा भार जमिनीत रोवलेल्या मेढी, त्यांवरचे आढे आणि वासे पेलतात. भिंतीवर भार असा नसतोच. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, त्या बांबूच्या कामट्यांनी आवळून, दोन्ही अंगांनी माती, शेण आणि भाताचे तूस यांचा लेप दिला की कूड सिद्ध होतो. आणि तो निर्भार असल्यामुळेच, मुलाचे लग्न झाले तर सोडवून चार हात पुढे नेता येतो, शेळ्या वाढल्या तर पडवीला नवा घालता येतो, आणि या फेरबदलासाठी गवंड्याची वा नकाशाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. चुलीचा धूर छपरातून वाट काढता काढता वाशांवर काजळीचा थर चढवून कीड दूर ठेवतो. खाली झुकलेल्या पाख्या पावसाचा मारा मातीपर्यंत येऊ देत नाहीत. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते आणि बी झडल्यावर वाळून जाते, म्हणजे काठ्यांचा पुरवठाही निसर्गाने ठरवलेल्या मुदतीनेच होतो. लाकूडकाम पुरुषांनी सावडीने करावे आणि लिंपण बायकांनी, असा संकेत असल्यामुळे ज्या भिंतीशी दरवर्षी हात लागतो ती भिंत बाईची असते. तिचा उतार, तिचा कोनाडा, तिची चूल कोठे असावी, हे बाईच ठरवते.

२०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेने गवत, बांबू आणि माती यांच्या भिंती ‘कच्च्या’ या सदरात टाकल्या. परिणाम असा, की कुडात राहणारे कुटुंब त्या कुडामुळेच घरकुलास पात्र ठरते, आणि घरकुल मंजूर झाले की कुडाकडे त्याने पुन्हा वळू नये, अशी अपेक्षा असते. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) किमान २५ चौरस मीटरचे घर आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये, अशी २०१६ पासूनची तरतूद होती. कातकरी हे कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह विशेष असुरक्षित जमातींत गणले जात असल्याने २०२३ च्या जनमन मोहिमेत त्यांना २ लाख रुपये मिळू लागले. आवास योजनेची मार्गदर्शिका वाचणाऱ्यास एक सुखद धक्का बसतो: ठेकेदार नेमण्यास तिच्यात मनाई आहे, लाभार्थ्याने आपले घर आपणच बांधावे, अशी तिची आज्ञा आहे. दिल्लीच्या दफ्तरात बसून याहून उदार कलम क्वचितच कोणी लिहिले असेल!

पण दिवाळी उरकली की कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळा तोंडावर आला की परततात. बांधकाम करावे तर याच कोरड्या महिन्यांत. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह चढवल्यावाचून पुढला हप्ता सुटत नाही, आणि दुसऱ्याच्या घराच्या विटा पाडणारा धनी स्वतःच्या जोत्यापाशी उभाच नसतो. मग कोणीतरी मध्यस्थ एकाच साच्याची घरे उभी करून देतो, आणि चुलीसाठी मागाहून त्याच भिंतीला कुडाची पडवी जोडली जाते. पक्क्या घराची हौस म्हणजे शहराची नक्कल, असे म्हणणारे स्वतः पक्क्या घरात राहतात. साप, वणवा आणि वादळ यांचा अनुभव असलेल्या बाईने स्लॅब मागितला तर तिला सौंदर्यशास्त्र शिकवू नये.

याहून खोल प्रश्न घराखालच्या जमिनीचा आहे. अनेक कातकरीवाड्या खाजगी मालकाच्या सातबाऱ्यावर बसलेल्या आहेत. शेजारच्या कर्जत-खालापूर भागात जमिनीचे भाव चढले तशा मालकांनी वाड्यांभोवती कुंपणे घातली. डॅनियल बकल्स आणि कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्सचे राजीव खेडकर यांनी कातकऱ्यांसह वाड्यांची पाहणी करून २०१३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १२२ खाली गावठाणाची सीमा ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यास आहे. ती सीमा वाडीपर्यंत पोहोचत नाही तोवर वास्तुकाराने आणलेला सर्वोत्तम आराखडादेखील परक्याच्या जमिनीवरचे चित्र ठरतो. न्यूझीलंडमधील माओरी वास्तुकार पूर्वजांच्या सामाईक भूमीवरील ‘पापाकाइंगा’ वसाहतींचा विचार करताना प्रथम मालकीचीच गाठ सोडवतात, ते याच कारणाने.

पूर्वी ठाण्यात असलेल्या, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात मोडणाऱ्या डहाणू तालुक्यात मुरबाड याच नावाचे एक खेडे आहे. तेथे प्रतीक धनमेर, शार्दूल पाटील प्रभृतींची ‘डिझाइन जत्रा’ ही वास्तुसंस्था वारली घरांच्या नोंदी करीत, स्थानिक कारागिरांसह माती, बांबू आणि कारवी यांत काम करीत आली आहे. त्यांचे काम मला मोलाचे वाटते ते मातीमुळे तितके नव्हे. मातीत तर इजिप्तच्या हसन फथी यांनीही १९४५ नंतर न्यू गुर्ना हे अप्रतिम गाव उभारले, पण थडग्यांच्या आसऱ्याने पोट भरणाऱ्या गुर्नावासीयांना तेथे जायचेच नव्हते. खेड्यात बिऱ्हाड केलेल्या वास्तुकारास नकार लवकर ऐकू येतो, हा त्याचा मुख्य लाभ.

धसईच्या बाजूस असा नकार वा होकार नोंदवण्याची सनदशीर जागा आहे ती ग्रामसभा. २००६ च्या वनहक्क कायद्याने निस्तार (म्हणजे घरगुती गरजांसाठी जंगलाचा परंपरागत वापर) आणि बांबूसह गौण वनोपज यांवरचा हक्क मान्य केला. त्यानुसार ग्रामसभेला कारवी वाळण्याच्या वर्षाचा ठराव आधीच करून ठेवता येईल, शहापूरच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयाकडे घरकुलाच्या हप्त्यांची मुदत भट्टीच्या हंगामाशी जुळवून मागता येईल, आणि त्याच ठरावाच्या पहिल्या कलमात, तहसील कचेरीने वाडीची मोजणी करून गावठाणाचा प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्याकडे धाडावा, असे लिहिता येईल.